चौदा अक्षरांचा फरक

डॉ. वैजयंती गोठोस्कर यांनी तिसऱ्यांदा मोजले आणि आकडा तिसऱ्यांदा चौदाच आला. तो चारशे चाळीसच्या आसपास यायला हवा होता. चारशे आला असता तरी त्यांनी कुरकूर केली नसती, पण चौदा म्हणजे निव्वळ थट्टा होती.

"माझ्याकडेही चौदाच," समोरच्या पडद्यावरून डॉ. रफिक मुकादम म्हणाले. "बाई, यंत्र बिघडलंय म्हणावं, तर दोन्हीकडची यंत्रं एकाच दिवशी एकसारखी कशी बिघडतील?"

मुकादम प्रत्यक्षात अवघ्या तीनशे मीटरांवर बसले होते. मध्ये भिंत होती, भिंतीत पोलादी दार होते आणि ते दार बावीस वर्षे उघडलेले नव्हते.

मंगळावरचा अरुणदेश एका प्रचंड लाव्हानळीत वसला आहे. फार पूर्वी लाव्हा वाहून गेला आणि मागे शंभर किलोमीटर लांबीची पोकळी उरली. माणसांनी ती हवेने भरली आणि घरे बांधली. पूर्वेच्या भागाला उगवत म्हणतात, पश्चिमेच्या भागाला मावळत. बर्फाच्या खाणी उगवतीत, तर प्राणवायूचे कारखाने मावळतीत. कोणी कोणाला किती द्यायचे यावरून भांडण झाले, भांडणाचे युद्ध झाले आणि चार वर्षांत अकरा हजार माणसे मेली. मग भिंत उभी राहिली. एकाने पाणी तोडले किंवा दुसऱ्याने हवा तोडली तर दोघेही मरणार, म्हणून भिंतीतून दोन नळ तेवढे जात राहिले. जंतूही पार होणार नाहीत अशा गाळण्या त्यांना बसवल्या होत्या.

आता दोन्हीकडच्या लोकांनी भरघोस मतांनी पुन्हा एक व्हायचे ठरवले होते. दोन्ही बाजूंनी लोहमार्ग भिंतीला येऊन टेकले होते. युद्धात कोसळलेल्या वस्त्या नव्याने बांधून झाल्या होत्या. इतिहासाचे एकच पुस्तक लिहायला दोन्हीकडचे मास्तर पडद्यावर बसत, आणि कडाकडा भांडून का होईना, सहाव्या धड्यापर्यंत पोहोचलेही होते. अडले होते फक्त दाराशी. दार उघडल्यावर रोगराई होणार नाही असा निर्वाळा गोठोस्करबाई आणि मुकादम यांनी द्यायचा होता, आणि त्यानंतर दोन्हीकडच्या सेनानींनी सही करायची होती.

उगवतीचे सेनानी विश्वास खोपडे अकराच्या ठोक्याला प्रयोगशाळेत आले. ते कुठेही ठोक्यालाच येत.

"डॉक्टर, सरळ सांगा. दह्यात काय सापडलं?"

"साहेब, प्रत्येक जंतूच्या पोटात त्याच्या घराण्याची पोथी असते," गोठोस्करबाईंनी सुरुवात केली. "चारच अक्षरांत लिहिलेली. जंतू वाढतो तेव्हा पोथीची नक्कल होते, आणि नक्कल करताना चुका होतात. आपल्या घराघरांतल्या दह्याच्या जंतूत वर्षाला साधारण दहा अक्षरं चुकतात. एकाच विरजणाची दोन भांडी केली आणि वेगवेगळ्या घरांत ठेवली, तर इकडे दहा चुकतील, तिकडे दुसरीच दहा चुकतील. म्हणजे वर्षाला वीस अक्षरांचा फरक. फरक मोजला की ती घरं कधी वेगळी झाली ते कळतं. आम्ही याला जंतुघड्याळ म्हणतो."

"पण दहीच का?"

"कारण ते घरोघरी आहे आणि कोणी बावीस वर्षं मरू दिलेलं नाही. रक्त मागितलं असतं तर लोकांनी दारं लावून घेतली असती. दही मागितलं तर वाटीभर दिलं, वर साखर घालू का म्हणून विचारलं."

खोपडे हसले नाहीत. "बावीस वर्षांचे चारशे चाळीस. आले किती?"

"चौदा."

खोपड्यांनी क्षणभरात हिशेब केला. "म्हणजे आठ महिने."

"हो. आठ महिन्यांपूर्वी इकडचं विरजण तिकडे गेलं किंवा तिकडचं इकडे आलं. आणि ती काही पहिली वेळ नव्हती. आम्ही मग नाकातले जंतूही तपासले. त्यांचंही तेच. मावळतीचं पडसं आपल्याला कधीच होऊन गेलंय."

"त्यामुळे भीती नाही," पडद्यावरून मुकादम म्हणाले. "भिंत खरोखर बंद राहिली असती, तर दार उघडल्यावर शंभरातली तीन माणसं दगावली असती. तीन हजारांच्या वर मढी पडली असती, साहेब. कोणीतरी थोडं थोडं येत-जात राहिलं, म्हणून आपली शरीरं एकमेकांना विसरली नाहीत. आम्ही निर्वाळा द्यायला तयार आहोत."

"कोणीतरी," खोपडे म्हणाले. "मला तो कोणीतरी हवाय."

त्यांनी खिशातून संपर्कबंदी कायद्याची छोटी पुस्तिका काढली. ती वाचायची त्यांना गरज नव्हती, तरी त्यांनी वाचली. "भिंतीपलीकडची कोणतीही वस्तू, सजीव वा निर्जीव, जो देईल, घेईल किंवा घरात बाळगेल, जाणूनबुजून वा नकळत, त्यास भिंतीपलीकडे कायमचे हद्दपार करावे." युद्ध संपताना दोन्ही बाजूंचे ज्यावर एकमत झाले असे हे एकच वाक्य होते, मावळतीच्या कायद्यातही ते शब्दशः तसेच होते. बावीस वर्षांत या कायद्याखाली एकही माणूस सापडलेला नव्हता आणि खोपड्यांना त्याचा फार अभिमान होता.

"संयुक्त सभा हा कायदा रद्द करील," बाई म्हणाल्या.

"करो की. पण सभा भरणार दार उघडल्यावर. आणि करारात लिहिलंय, आधी दिलेल्या शिक्षा कायम राहतील. या भिंतीआधीच्या युद्धात माझी माणसं मेली आहेत, डॉक्टर. माझा मुलगा मेलाय. आणि कोणी दह्याच्या वाट्या इकडून तिकडे करत होतं? आधी यादी, मग शिक्षा, मग सही." ते दारापर्यंत जाऊन थांबले. "तपासणी माझ्या घरापासून सुरू करा. माझी बायको कुमुद जाऊन अकरा वर्षं झाली, पण तिचं विरजण मी मोडू दिलेलं नाही. रोज स्वतः लावतो. आज वाटी पाठवतो."

घरी नाना जेवायला थांबले होते. बाईंचे वडील विष्णू गोठोस्कर भिंतीच्या पहाऱ्यावरून सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. आता चौऱ्याहत्तरीत त्यांचे हृदय कुरबुर करी, पण जिभेला काही झाले नव्हते. बाईंनी ताट पुढे ओढले आणि घास न घेताच विचारले, "नाना, भिंतीतून ये-जा कुठून होत होती?"

"मापघरातून," नाना म्हणाले, जणू कोणी मिठाचा डबा कुठे आहे म्हणून विचारले होते.

भिंतीच्या पोटात नळांची मापे घ्यायची एक खोली होती. मध्ये काच. रोज सकाळी इकडचे दोन पहारेकरी आणि तिकडचे दोन पहारेकरी आपापल्या बाजूने आकडे वाचत आणि जुळवत.

"तिसऱ्या वर्षी काच तडकली. खालचा तुकडा निघाला, हात जाईल एवढा. कळवली असती तर चौकशी लागली असती, त्यांच्या मागे आणि आमच्याही. मग आकडे जुळवून झाले की डबा तिथेच उघडायचा. आपण डबा खातोय आणि समोरचा बघत बसलाय, असं कसं चालेल? त्यांच्याकडचा तो सदू कुर्ले, त्याच्या घरचं दही नासलं म्हणाला. तुझ्या आईनं विरजण दिलं. पुढच्या वर्षी आपलं नासलं, त्यानं दिलं. पहारे बदलत गेले, डबे चालूच राहिले."

"नाना, याला हद्दपारीची शिक्षा आहे. कायमची."

"ठाऊक आहे. कायदा मीच मापघराच्या भिंतीवर चिकटवला होता."

बाईंना रडू आले आणि रागही आला. आई गेल्यानंतर त्यांना हे एकच माणूस उरले होते. अहवालात खरे लिहिले तर दार उघडणार होते आणि नाना त्यातून बाहेर जाणार होते ते परत न येण्यासाठी. "मी लिहीन की माग लागला नाही."

"वैजू, तसलं काही करायचं नाही," नाना प्रथमच चिडले. "खोटं लिहिलंस तर उद्या दुसऱ्या कोणाला तरी पकडतील. आणि पलीकडे काय राक्षस राहतात? सदूच्या घरी जाऊन राहीन. तू लिही. आणि आता जेव, भात निवतोय."

पुढचे नऊ दिवस बाई आणि मुकादम यांनी दोन्हीकडच्या सहाशे घरांचा जंतुवंशवृक्ष मांडला. सदू कुर्ल्यांच्या घरापासून गोठोस्करांकडे, गोठोस्करांकडून शेजारी, शेजाऱ्यांकडून त्यांच्या सासुरवाडीला. कोणाचे दही बिघडले की माणूस शेजारी वाटी घेऊन जातो, आणि बावीस वर्षांत एकदाही दही बिघडले नाही असे घर देशात नव्हते. वृक्षाच्या फांद्या भिंतीवरून इतक्या वेळा पलीकडे गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या की मुकादमांनी मोजणे सोडून दिले.

दहाव्या दिवशी खोपडे ठोक्याला आले. बाईंनी कागद पुढे ठेवला.

"पहिलं नाव विष्णू गोठोस्कर. माझे वडील. त्यांनी स्वतः सांगितलंय." त्यांचा आवाज स्थिर होता, तो तसा ठेवायचा सराव त्यांनी सकाळपासून केला होता. "दुसरं, तुमचं घर."

"काय बोलताय?"

"तुमचं विरजण सोळा वर्षांपूर्वी मावळतीतून आलं. तुमच्या पत्नी असताना."

"चूक असेल."

"एखाद्या वर्षाची असू शकेल. त्याहून जास्त नाही."

खोपडे खाली बसले. त्यांना आधी संताप आला, मग शरम वाटली, आणि शेवटी कुमुदची फार आठवण आली. सोळा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा जाऊन सात वर्षे झाली होती. त्या वर्षी कुमुद पुन्हा स्वयंपाकघरात वावरू लागली होती, एवढे त्यांना आठवत होते.

"तिला ठाऊक होतं?"

"जंतू तेवढं सांगत नाहीत, साहेब."

"बाकीची यादी?"

बाईंनी जनगणनेचे दोन जाडजूड खंड टेबलावर ठेवले. "उगवत बासष्ट हजार, मावळत चोपन्न हजार. दही न खाणारेसुद्धा यात आहेत. कायद्यात सजीव वस्तू म्हटलंय, आणि नाक सगळ्यांनाच असतं."

खोपड्यांनी खंडांकडे पाहिले. मग त्यांनी पुस्तिका काढली आणि या वेळी खरोखर वाचली, ओळीवर बोट ठेवून, दोनदा. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि हळूहळू विरल्या. "कायदा म्हणजे कायदा," ते उठत म्हणाले. "माणसं थोडी असोत की फार. अंमल झालाच पाहिजे."



दुसऱ्या दिवशी सकाळी सारी उगवत दारासमोर लोटली होती. नाना एक पिशवी घेऊन पुढच्या रांगेत उभे होते आणि बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. दारावरच्या मोठ्या पडद्यावर मुकादम होते आणि त्यांच्या शेजारी मावळतीच्या सेनानी तारामती लोंढे. दोन्ही सेनानींचे पहाटेच बोलणे झालेले दिसत होते. खोपडे ध्वनिक्षेपकासमोर आले.

"संपर्कबंदी कायद्यान्वये उगवतीच्या सर्व, बासष्ट हजार, नागरिकांना भिंतीपलीकडे हद्दपार करण्यात येत आहे. सुरुवात माझ्यापासून."

"त्याच कायद्यान्वये," लोंढेबाई म्हणाल्या, "मावळतीच्या चोपन्न हजारांनाही. सुरुवात माझ्यापासून."

गर्दीतली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. बाई मात्र शास्त्रज्ञ होत्या. त्यांचे डोके आपोआप पुढच्या पायरीकडे गेले, आणि पडद्यावर मुकादमांचेही तिथेच पोहोचले असावे.

"साहेब, एक शंका," मुकादम म्हणाले. "तुम्ही इकडे आलात की तुमच्या नाकात उगवतीचे जंतू असणार. पलीकडची सजीव वस्तू. आमच्या कायद्यानं तुम्हाला लगेच परत हद्दपार करावं लागेल."

"करा. कायदाच आहे तसा."

"आणि तिकडे परत गेलात की तुमच्या नाकात आमचे जंतू असतील."

"मग मला आमच्या कायद्यानं पुन्हा तिकडे पाठवावं लागेल. प्रत्येकाला पाठवावं लागेल. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा." खोपड्यांनी सहीचा कागद पुढे ओढला. "त्यात मी काही करू शकत नाही."

नानांना आधी कळले नाही. मग कळले, आणि ते इतके हसले की बाईंना त्यांच्या हृदयाची काळजी वाटली. त्यांचा दंड सोडायला हरकत नाही हे बाईंच्या लक्षात आले, पण त्यांनी सोडला नाही.

"पण मग," मुकादमांनी विचारले, "हे दार परत लावायचं कधी?"

खोपड्यांनी सही केली, टोपण लावून पेन खिशाला अडकवले आणि दाराच्या चालकाला खूण केली.

"कायद्यात तशी तरतूद नाही," ते म्हणाले.