पारखीला न पटलेले साहेब

पारखीने त्या सकाळी साहेबांचा मेल तिसऱ्यांदा अडवला, तेव्हा मंदाताई चौगुल्यांनी कप इतक्या जोरात ठेवला की बशीला तडा गेला. पडद्यावर तीच लाल पट्टी होती: 'बनावट असण्याची दाट शक्यता. पैसे पाठवू नका.'

शिरोलीच्या त्या ओतकाम कारखान्यात मंदाताई हिशेब बघत. मालक अण्णासाहेब मगदूम तोंडाने फटकळ, आणि मेलवर त्याहून वाईट. मागे एका भामट्याने साहेबांच्या नावाने मेल पाठवला, पाठोपाठ हुबेहूब त्यांच्याच आवाजात फोन केला आणि चाळीस लाख घेऊन पसार झाला. त्यानंतर पारखी आला. साहेबांचे आजवरचे सगळे मेल वाचून या यंत्रणेने त्यांच्या भाषेचा ठसा घेतला होता. ते कोणते शब्द वापरतात, कुठे वाक्य तोडतात, कुणाला काय म्हणतात, सगळं. ठसा जुळला नाही की पैसे हलायचे नाहीत, मग ते कारखान्याचे असोत की साहेबांचे स्वतःचे. पारखीला गप्प करायचं तर साहेबांनी ऑफिसात येऊन काचेवर अंगठा टेकवायचा. 'मी स्वतः फोन केला तरी सोडायचे नाहीत' हा नियम साहेबांचाच. आता भोगा म्हणावं.

मेल असा होता: 'मंदाताई, कृपा करून सोबतच्या खात्यावर बावीस लाख पाठवा. फार घाई आहे. सध्या कुणाला सांगू नका, माझ्या भावालाही नाही. तुम्हाला त्रास देतोय.'

नवं खातं, घाई, गुपित आणि वर हा गोडवा. फसवणुकीची जी लक्षणं मंदाताई नव्या लोकांना शिकवत, ती सगळी एकाच मेलात. त्यांनाही तो आधी खोटाच वाटला. अठरा वर्षांत साहेबांनी त्यांना कधी 'ताई' म्हटलं नव्हतं, 'कृपा' तर दूरच राहिली.

पण पारखीला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. आदल्या दिवशी भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा रस उडून इलाही मुल्लाणी छातीपासून पायापर्यंत भाजला होता, आणि त्याला पुण्याला नेणाऱ्या गाडीत साहेब स्वतः चढले होते. पैसे हवे होते ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीसाठी, साहेबांच्या स्वतःच्या खात्यातून; भावाला कळलं तर तो कामगारावर एवढा खर्च होऊ देणार नव्हता. दुपारपर्यंत ते पोचले नाहीत तर ती कातडी दुसऱ्या रुग्णाला जाणार होती.

तरी मंदाताईंनी मेलमधल्या नंबरावर फोन केला नाही. दुधाने तोंड पोळलं होतं, ताकही फुंकून प्यायलाच हवं. इलाहीच्या बायकोचा, शमशादचा, नंबर त्यांच्याकडे आधीपासून होता. तो त्यांनी लावला.

"साहेब हितंच बाकड्यावर बसल्यात," शमशाद म्हणाली. "कालधरनं च्या सुद्धा घेतला न्हाई. डाक्टर सारखं इचारायलेत, पैशाचं काय झालं म्हणून."

मग त्यांनी रुग्णालयाच्या मुख्य नंबरावर खात्याचा आकडा ताडून पाहिला. जुळला. माणसाने करायची सगळी खातरजमा झाली होती, पण पारखी ढिम्म. त्याच्या मदतवाहिनीवरच्या मंजुळ आवाजाने सांगितलं की स्वभावातल्या बदलाची नोंद व्हायला तीन महिने लागतात. इलाहीकडे तीन महिने नव्हते. साहेबांना पुण्याहून येऊन अंगठा द्यायलाही वेळ नव्हता. मंदाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, पारखी तुम्हाला ओळखत नाही. मला नेहमी लिहिता तसं लिहा."

साहेब हळूच म्हणाले, "मला आता तसलं काय बी सुचंना, मंदाताई. शेजारी ही शमशाद बसलीया."

"मग मी सांगते, तुम्ही लिहा."

आणि त्या सांगू लागल्या. आवाज चढवला नाही, आठवावंही लागलं नाही. 'मंदा, डोकं घरी ठेवून आलीस काय? पगार काय झोपा काढायला देतो? मुकाट पैसे सोड, नाहीतर उद्या दारात दिसू नकोस.' साहेबांनी लिहिता लिहिता मधेच विचारलं,

"हे मी लिवलं होतं?"

"हो. आईचं तेरावं करून मी कामावर आले, त्या दिवशी."

मेल आला. पट्टी क्षणात हिरवी झाली: 'ठसा पूर्ण जुळतो.' पैसे गेले. मंदाताईंना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

संध्याकाळी शमशादचा फोन आला, कातडी लावली, आता धोका कमी आहे. पाठोपाठ साहेबांचा मेल: 'मंदाताई, इलाही दोन शब्द बोलला. तुम्ही सांगत होतात तेव्हा मला मान वर करवेना. माफ करा.'

वर लाल पट्टी आली: 'बनावट. हे गृहस्थ असं लिहीत नाहीत.' खाली दोन बटणं होती, पैशाच्या मेलखाली कधी न दिसणारी: 'खरा' आणि 'खोटा'. मंदाताई जे दाबतील ते पारखी शिकणार होता. 'खरा' म्हटलं, तर साहेबांच्या नावाने गोड बोलणाऱ्या प्रत्येक भामट्याला तीन महिन्यांनी दार किलकिलं होणार. 'खोटा' म्हटलं, तर कारखान्याचा पैसा सुरक्षित, आणि साहेबांना प्रत्येक कामासाठी जन्मभर पहिल्यासारखंच लिहावं लागणार, तेही मंदाताईंनाच.

मंदाताईंचं बोट दोन्ही बटणांच्या मधे थांबलं. पारखीचं राहू दे, पण या माफीवर त्यांचा स्वतःचा तरी विश्वास बसला होता का?