गुरुवारचा आकडा

तेलाची रेघ खालच्या खुणेच्या चार मिलिमीटर वर होती. आदल्या दिवशी ती सात होती. मी पट्टी फडक्याने पुसली, इंजिनात पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. चारच.

गाडी मल्हारगंजात दत्तमंदिरासमोर उभी होती. अप्पा आणि इंदूआत्या गुरुवारच्या आरतीला आत गेले होते. संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि रोज सहाला तेल मोजायचं असा माझा नियम होता. मग गाडी घरी असो की देवाच्या दारात.

"बिघडली का?" मागून कुणीतरी विचारलं.

सायकल हातात धरून एक उंचसा माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर ग्रीजचा काळा डाग, आणि खिशाला मात्र लखलखीत फाउंटन पेन.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

"म्हणजे बिघडायची वाट बघताय?"

"लक्ष ठेवतेय."

"किती दिवस?"

"तेवीस. घेतली त्या दिवसापासून."

त्याने मान तिरकी करून माझ्या वहीत डोकावलं. तारीख, मैल, तेल, पाणी, हवेचं तापमान, शेरा. त्याच्या भुवया वर गेल्या.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर."

"तरीच." मग तो हसला, पण माझ्याकडे पाहून नाही, वहीकडे पाहून. त्यामुळे मला राग आला नाही. "मी अच्युत पागनीस. पुढच्या गल्लीत माझं वर्कशॉप आहे. गाडी बिघडली तर या." तो दोन पावलं गेला, आणि थांबला. "नाही बिघडली... तरी या."

अप्पा होळकर सरकारच्या महसूल खात्यात होते. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, आणि दोन वर्षांनी अप्पा निवृत्त झाले. जन्मभर टांग्यातून फिरलेल्या माणसाने दसऱ्याला एक छोटी विलायती मोटर दारात आणली. पहिले दोन दिवस पेढे वाटले. तिसऱ्या दिवसापासून काळजी सुरू झाली.

कारण येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जायचा. शेजारच्या प्रतापरावांनी बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाले, "पत्रा पातळ आहे, अप्पासाहेब." कुणी म्हणालं, माळव्याची काळी धूळ हिला सोसायची नाही. कुणी म्हणालं, पाच वर्षांनी सुटे भाग मिळायचे नाहीत. पण सगळ्यांवर कडी केली ती इंदूआत्याने.

"विलायती सून आणलीस, दादा. माहेर सात समुद्रांपलीकडे. रुसून बसली तर समजूत घालायला कोण येणार?"

तेव्हापासून अप्पा सकाळचा चहा घ्यायच्या आधी गाडीखाली वाकून पाहायचे. एजंटाने सहा महिन्यांची हमी दिली होती. त्या मुदतीत लेखी तक्रार केली तर गाडी बदलून मिळणार होती. नंतर ती आणि आपण.

"कुमुद, तू शास्त्राची," अप्पा म्हणाले. "तू बघ. सहा महिन्यांत काय ते ठरव. ठेवायची की परत द्यायची."

म्हणून ती वही. इतर दिवशी सात, कधी साडेसहा. गुरुवारी मात्र हटकून चार. शुक्रवारी पुन्हा सात.

त्या शुक्रवारी कॉलेजातून परतताना मी वही घेऊन वर्कशॉपात गेले. बिघडली नव्हती, तरी.

"गुरुवारी तेल जातं कुठे?" मी विचारलं.

अच्युत पागनीसांनी वही हातात घेण्याआधी साबणाने हात धुतले. मला ते आवडलं. "आणि शुक्रवारी येतं कुठून? हे जास्त महत्त्वाचं. तेल पिणारी इंजिनं पुष्कळ पाहिलीत. तेल तयार करणारं हे पहिलंच."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. अजून एक आठवडा बघू."

एक आठवडा झाला. मग आणखी एक. शुक्रवार ठरून गेला. मी आले की बाबूराव मिस्त्री लाकडी स्टूल पुसायचे आणि चहाला ओरडायचे. आधी ते परदेशीपुऱ्यात गिरणीत होते, आणि यंत्र म्हटलं की त्यांना माणसापेक्षा जास्त माया.

"बाईसाहेब, गाडी की रोज नाडी देखोगे, तो बेचारी बीमार पड़ जाएगी!"

"मिस्त्री, नाडी पाहिल्याने कुणी आजारी पडत नाही."

"पड़ता है," ते पान्याने पागनीसांकडे बोट दाखवून म्हणाले. "हमारे अच्युत भिया को देखो. हर जुम्मे को बुखार."

पागनीस इंजिनात इतके वाकले की फक्त कान दिसत होते. ते लाल होते. मी चहाकडे पाहिलं... चहा तेवढ्यात निवला होता.

मला त्यांच्या कामाची पद्धत कळत गेली. उघडलेला प्रत्येक स्क्रू ते ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने कागदावर मांडायचे. गाडीवाल्याला कारण सांगितल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. आणि माझं बोलणं मध्येच तोडायचे नाहीत, जे आमच्या स्टाफरूममध्येही दुर्मीळ होतं.

संक्रांतीनंतर एका शुक्रवारी मावठ्याची झड आली. वर्कशॉपच्या पत्र्यावर एकच ताशा. बोललेलं ऐकू येईना, म्हणून मी स्टूल जरा पुढे घेतलं. त्यांनीही.

"तुम्ही नेहमी गाडीचंच बोलता," ते म्हणाले.

"गाडीसाठीच येते."

"मला आज गाडीचं बोलायचं नाही."

"मग?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मला वाटतं... तुम्ही इथे शुक्रवारपुरतं येऊ नये. म्हणजे... तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

माझ्या हातात पेन्सिल होती. ती मी वहीच्या कडेला समांतर ठेवली. चार मुलगे पाहून गेले होते, आणि प्रत्येकाला मी नाही म्हणाले होते. मुलगे वाईट नव्हते. अर्ध्या तासाच्या पोह्यांवरून पन्नास वर्षांचा अंदाज कसा बांधायचा, हे मला उमगत नव्हतं. आज पोहे नव्हते. अकरा शुक्रवार होते. तरीही...

"मला वेळ हवा," मी म्हणाले.

"किती?"

नव्या इंजिनाला पहिले हजार मैल जपायचं असतं. ताशी तीसच्या वर जायचं नाही. राजवाड्यापाशी टांगे आम्हाला मागे टाकायचे आणि टांगेवाले वळून सलाम ठोकायचे. हजार मैलांनंतर इंजिन आपला खरा स्वभाव दाखवतं, असं पागनीसांनीच मला सांगितलं होतं.

"हजार मैल होईपर्यंत," मी म्हणाले.

"आता किती झालेत?"

"सहाशे बारा."

"आणि रोजचे सात." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"पंचावन्न दिवस आणि थोडे तास," मी म्हणाले. म्हणाले, आणि मग लक्षात आलं की हे फार पटकन म्हणाले.

ते हसले. या वेळी वहीकडे पाहून नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात मैलांचा आकडा हजारावर गेला. त्या शुक्रवारी मी निळी साडी नेसले. आत्याने नखशिखान्त पाहिलं. "गॅरेजात निघालीस की हळदीकुंकवाला?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर दुसऱ्याला द्यायचं होतं.

पण वर्कशॉपात पाऊल टाकताच पागनीस म्हणाले, "थांबा. तुम्ही काही बोलायच्या आधी मला एक सांगायचंय." त्यांचा चेहरा पडलेला होता. "गुरुवारच्या तेलाचं. तुमच्या गाडीला काही झालेलं नाही. मंदिरासमोर चढ आहे. गाडीचं नाक वर, शेपूट खाली. तेल मागे सरकतं आणि पट्टी असते पुढच्या बाजूला. म्हणून चार. घरी सपाटीवर सात. तुम्ही वेळ पाळलीत... जागा नाही पाळलीत."

मी वहीकडे पाहिलं. बावीस गुरुवार. बावीस चार. विद्यार्थ्याने ब्युरेट तिरकी धरली तर त्याचा सबंध प्रयोग मी लाल शाईने खोडत असे.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आपली ओळख झाल्यापासून तिसऱ्या गुरुवारी."

"तिसऱ्या?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही आला नसतात ना..." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "पण आज तुम्ही उत्तर देणार होतात. खोट्या आकड्यावर उभं राहून मला ते घ्यायचं नव्हतं."

"माझे वडील पाच महिने गाडीखाली वाकून बघतायत, पागनीस."

एवढंच म्हणाले आणि निघाले. बाबूरावांनी मागवलेला चहा वाटेतच मला भेटला. मी त्याला ओलांडून गेले.

घरी आल्यावर अप्पांना चढाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण हमी संपायच्या आत गाडी एकदा घाट चढलेली पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं. जे सांगितलं नाही ते त्यांनी विचारलंही नाही.

तीन शुक्रवार मी सरळ घरी आले. गाडी भरवशाची निघाली होती. माणूस? ज्याला आकडा चुकीचा आहे हे ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याच्या भरवशावर पन्नास वर्षं कशी काढायची? रागवायला कारण पक्कं होतं. फक्त शुक्रवारी साडेचारला घड्याळाकडे बघायची खोड जाईना.

हमीचे चार दिवस उरले तेव्हा अप्पा म्हणाले, "रविवारी सिमरोलच्या पुढे घाटात नेऊ. त्या पागनिसांनाही बोलावलंय. जाणता माणूस जवळ असलेला बरा." शनिवारी अखेरचा अहवाल लिहायला वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

आणि पागनिसांची ओळख झाल्यापासून दुसऱ्याच गुरुवारी, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: 'गाडी चढावर उभी. सपाटीवर पुन्हा मोजावे.'

पुन्हा मोजलं नव्हतं. घरी पोचायला दहा मिनिटं लागत होती. मोजता आलं असतं. पण मोजलं असतं तर प्रश्न सुटला असता, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी ते वाक्य चारदा वाचलं. मग एकटीच हसले, आणि मग हसू येईनासं झालं, कारण तीन शुक्रवार मी त्यांना ज्या गुन्ह्याची शिक्षा देत होते, तो मी त्यांच्या एक आठवडा आधी केला होता.

रविवारी सकाळी अप्पांनी गाडी काढली. शेजारी पागनीस, मागे आत्या आणि मी. सिमरोलला चहासाठी थांबलो. अप्पा रेडिएटरला हात लावून पाहत होते आणि आत्या शेव चाखून "इंदूरची सर नाही" असं दुकानदाराच्याच तोंडावर सांगत होती. पागनीस लिंबाखाली एकटे उभे होते. खिशाला पेन नव्हतं. तीन आठवड्यांत ते बरेच अव्यवस्थित झाले होते.

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. रकान्यावर बोट ठेवलं.

त्यांनी वाचलं. तारीख पाहिली. पुन्हा वाचलं.

"ही तर... माझ्या आधी?"

"सात दिवस आधी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत होतं असं मी म्हणणार नाही. माहीत करून घ्यायचं टाळलं." माझे कान तापले. "तुम्ही निदान कबूल केलंत. मी पेन्सिलीने लिहून विसरले."

ते काही क्षण गंभीर राहण्याचा प्रयत्न करत होते. "डेमॉन्स्ट्रेटरबाई, हा सबंध प्रयोग लाल शाईने खोडावा लागेल."

"आकडे खोडा," मी म्हणाले. "शुक्रवार राहू द्या."

त्यांनी हातातला कप बशीत ठेवला. ते पुढे काही विचारणार, तोच अप्पांची हाक आली.

घाट सुरू झाला. अप्पांनी गिअर बदलला. इंजिनाचा आवाज जाड झाला, पण तुटला नाही. मागे एक ट्रक हॉर्न वाजवत होता आणि अप्पा त्याला अजिबात दाद देत नव्हते. आत्याने डोळे मिटून दत्ताचा धावा सुरू केला होता. काचेतून पळसाची झाडं एकेक करून मागे सरकत होती, सगळी फुललेली. पुढच्या आरशात पागनिसांचे डोळे दिसले. ते रस्त्याकडे नव्हते. मीही नजर हलवली नाही.

शेवटचं वळण घेऊन गाडी माथ्यावर आली. अप्पांनी ती सपाट जागा पाहून उभी केली, इंजिन बंद केलं आणि लांब श्वास सोडला. खाली झाडी उन्हात पसरली होती. वारा येत होता. सहा महिन्यांत पहिल्यांदाच अप्पांच्या कपाळावर आठी नव्हती.

"चढली की ग!" आत्याने डोळे उघडले.

अप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून मागे वळले. "मग कुमुद? सहा महिने झाले. आता टाळू नकोस. काय ठरवलंस, मोठ्याने सांग. म्हणजे इंदूलाही ऐकू जाईल."

पुढच्या सीटवर पागनिसांची पाठ ताठ झाली.

"गाडी ठेवू या, अप्पा," मी म्हणाले. "आणि मी अच्युतरावांशी लग्न करणार आहे."