डबल बेल

सायकली भाड्याने देणारा माणूस बोलण्यात भलताच कंजूष निघाला. त्याने ब्रेक दाबून दाखवला, मागच्या चाकात हवा मारली, कॅरियरवर गोणपाटाची घडी बांधून दिली आणि एवढंच म्हणाला, की रस्ता बेटाला गोल फिरून पुन्हा धक्क्यावरच येतो, चुकायची भीती नाही. फक्त वाटेत कुणी हात केला तर थांबू नका.

ड्रायव्हरसाहेबांना हसू आलं. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. हात केला आणि गाडी थांबवली नाही, असं त्यांच्या हातून कधी झालंच नव्हतं.

"ओळखीचं माणूस असलं तरी थांबू नका," तो म्हणाला आणि पंप उचलून आत निघून गेला.

"विक्षिप्तच दिसतो," ड्रायव्हरसाहेब बायकोला म्हणाले. तिने नुसते डोळे मिचकावले आणि गोणपाटावर एका अंगाने बसली. मग त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. म्हणजे चला.

या दोन थापांची गंमत सांगायला हवी. लग्नाआधी ती त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. दोरी ओढून दोनदा घंटा वाजवली की गाडी सुटायची आणि एकदा वाजवली की थांबायची. गाडी मागे घ्यायची असेल तर ती खाली उतरून शिट्टी फुंकायची. तिची एक लांब शिट्टी ऐकली की ड्रायव्हरसाहेब मागचं पुढचं न बघता ब्रेकवर पाय द्यायचे. त्या विश्वासातूनच पुढे संसार झाला. दोघंही निवृत्त झाली, शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला निळ्या लोकरीच्या दोऱ्याने लटकली, पण घरातला कारभार घंटेवरच राहिला. ड्रायव्हरसाहेबांनी मागे वळून बघायचं नाही, मागचं सगळं कंडक्टरबाईंनी सांभाळायचं.

यंदाचा हिवाळा मात्र वाईट गेला होता. बाईंना छातीचं दुखणं झालं. दवाखान्याच्या बाकावर रात्री काढताना ड्रायव्हरसाहेब पार खचले होते. ती वाचली, घरी आली, तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं, की आता हिला क्षणभरही नजरेआड करायचं नाही. आजची सहल त्याच आनंदाची होती.

बेट फारच शांत होतं. रस्त्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कापणी झालेली शेतं. घरं होती, पण खिडक्या लावलेल्या. दुपारी एका भिंतीच्या आडोशाला दोघांनी डबा खाल्ला. एवढ्या वेळात एक कुत्रंही फिरकलं नाही. वारा पडला की साखळीची करकर तेवढी ऐकू यायची. बाई म्हणाल्या, इथली माणसं आपल्याला बघून घरात जात असतील, तुमचं गाणं ऐकून.

दुपार कलल्यावर चढ लागला. बाई उतरल्या. सावकाश ये, म्हणून ड्रायव्हरसाहेब सायकल ढकलत पुढे गेले. वर पोहोचून ते सीटवर बसले, एक पाय जमिनीला टेकवला आणि समुद्राकडे बघत घाम पुसू लागले. वाऱ्याने कानात नुसता घोंघाट भरला होता. जरा वेळाने कॅरियर दबलं, पाठीवर दोन थापा पडल्या. त्यांनी पायडल मारलं.

उतार संपला तशी गच्च झाडी सुरू झाली. टेकडीला वळसा घालून जाणारा रस्ता. आत ऊन शिरत नव्हतं. ओल्या पाल्याचा आणि शेवाळाचा कुबट वास होता. ड्रायव्हरसाहेबांची बडबड चालूच होती, शेवटची बोट कधीची, घरी गेल्यावर चहा कोण टाकणार, असली. पण मागून उत्तर येईना. एरवी बाईंनी त्यांचं एकही वाक्य धड पुरं होऊ दिलं नसतं.

"दम लागला का गं?"

शर्ट मात्र मुठीत घट्ट धरला गेला. आणि सायकल जड लागत होती. सकाळी तर ही मागे बसल्याचं कळतही नव्हतं, दुखण्याने एवढी वाळली होती. आता पाठीवर कुणीतरी सगळा भार टाकला होता.

ड्रायव्हरसाहेबांच्या मानेवर काटा आला. चढावर आपण मागे वळून पाहिलं नव्हतं. थापा पडल्या आणि आपण निघालो...

तेवढ्यात शिट्टी वाजली. एक, लांब.

ती समोरून आली होती. वळणावर बाई उभ्या होत्या. तीच राखाडी साडी, तोच पांढरा रुमाल, गळ्यात निळ्या दोऱ्याची शिट्टी. एक हात वर केलेला.

ड्रायव्हरसाहेबांचा पाय आपोआप ब्रेककडे गेल्यासारखा जमिनीला टेकला. डोक्यात लख्ख झालं. पायवाटेने आडवी आली असणार बिचारी, आपण तिला टाकून निघालो म्हणून. बरं झालं, सकाळी आठवणीने शिट्टी घेतलेली दिसते. मग मागे...

पाठीवर दोन थापा पडल्या. पुन्हा दोन. घाईघाईने, अधीर. चला, चला.

"अहो..." मागून जेमतेम आवाज फुटला. "थांबू नका... मी आहे ना मागे..."

आवाज हुबेहूब तिचाच होता. त्यामुळेच ते जास्त घाबरले. असलं काही मागे बसलं तर हेच बोलणार, दुसरं काय बोलणार? त्यांनी डोळे पुढच्या चाकावर रोवले.

"उतरा," ते म्हणाले. कुठल्याच प्रवाशाला त्यांनी असं रस्त्यात उतरवलं नव्हतं.

मागचा भार हलला नाही. मग शर्टावरची मूठ हळूहळू सुटली. कॅरियर करकरलं आणि वर आलं. ड्रायव्हरसाहेबांनी जीव खाऊन सायकल वळणापर्यंत नेली. समोरच्या बाई न बोलता मागे बसल्या, दोन थापा मारल्या, आणि ते सुटले. मागे चपलांचा फटफट आवाज थोडा वेळ धावत आला. मग थांबला.

शेवटची बोट मिळाली. बाई पाण्याकडे बघत गप्प बसल्या होत्या. घाबरली असेल, ड्रायव्हरसाहेबांना वाटलं. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. फार गार पडला होता. पलीकडच्या काठापर्यंत ते तो चोळत होते, पण त्याला ऊब काही आली नाही.

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. त्यांनी कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं, दिवा लावला.

दाराजवळच्या खिळ्याला शिट्टी लटकत होती. निळा दोरा, त्याला बाईंनी स्वतः मारलेली गाठ. सकाळपासून ती तिथून हललीच नव्हती.

ड्रायव्हरसाहेब बघत राहिले. आजारातून उठलेली बाई चढ चढून आली की तिला बोलायला दम उरत नाही. ती सगळा भार नवऱ्याच्या पाठीवर टाकते. हे त्यांना आत्ता, या दारात कळलं. आता उद्या सकाळपर्यंत बोट नव्हती.

बोटीतून बरोबर आलेली ती उंबऱ्याबाहेर अजून उभी होती. आत आली नव्हती.

मग त्यांच्या पाठीवर दोन थापा पडल्या.