छातीवरचा डाग

दिवा राहू दे, विझवू नका. ही गोष्ट मला अंधारात सांगवत नाही. हसा खुशाल.

मी संग्रहालयात दप्तर सांभाळायचो, तेव्हा माझा एक मित्र तिथे येणाऱ्यांना चित्रं समजावून सांगायचा. बोलण्यात इतका पटाईत की सगळे त्याला पोपटच म्हणायचे. मोठ्या दालनात एक भिंतभर चित्र होतं. जुन्या काळचा राजा शेवटच्या घटका मोजतोय आणि धाकट्या मुलाच्या बोटात राजमुद्रेची अंगठी घालतोय. थोरला मुलगा काळ्या कपड्यांत, दाराशी, मान खाली घालून उभा. पोपट काठीचं टोक त्या थोरल्याच्या छातीवर टेकवायचा आणि म्हणायचा, "हा बघा. नीट बघून घ्या. घरभेदी असा दिसतो." लोक हसायचे. अकरा वर्षं काठी टेकवून टेकवून तिथला रंग उडाला, नाण्याएवढा पांढरा डाग पडला.

खरी गोष्ट वेगळीच होती. चित्रकाराचं पत्र मलाच दप्तरात सापडलं होतं. भावाभावांत रक्त सांडू नये म्हणून थोरल्याने राज्य आपणहून सोडलं होतं. पत्र मी पोपटला वाचायला दिलं. तो म्हणाला, खरं सांगितलं तर लोक जांभया देतात. मी हसलो आणि पत्र परत कपाटात ठेवलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढे लोकांना चित्रासमोर कानाला यंत्र लावून ऐकता येईल अशी माहिती पोपटच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. दिवसा दालनात गलका, म्हणून पोपट मंगळवारी रात्री गेला. दहा वाजून वीस मिनिटांनी त्याने ध्वनिमुद्रण सुरू केलं. हे सगळं त्यानेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, खाली बघत.

राजा सांगून झाला, अंगठी सांगून झाली. थोरल्यापाशी आला. "हा बघा," म्हणाला... आणि मागून कुणीतरी म्हणालं, "हा बघा."

आवाज त्याचाच.

घुमला असेल म्हणून तो गप्प झाला. आवाज गप्प झाला नाही. "नीट बघून घ्या."

छातीवर काहीतरी टेकलं. हलकेच. काठीचं टोक... पण काठी तर त्याच्याच हातात होती.

मग पावलं. पुष्कळ पावलं. भोवती जमणारी. दिसत कुणीच नव्हतं...

तो म्हणाला, "मला माहीत होतं. पत्र वाचलं होतं मी."

कुणी हसलं नाही.

पहाटे पहारेकऱ्याला तो दाराशी सापडला. मान खाली घालून उभा. हात धरून बाहेर आणावं लागलं.

त्यानंतर तो खरी गोष्ट सांगायला लागला. लोक खरंच जांभया द्यायचे. तरी सांगायचा, काठी न घेता. भर उकाड्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं असायचं. शेवटच्या आजारात इस्पितळात डॉक्टरांनी त्याचा शर्ट उघडला, तेव्हा मी शेजारी होतो. छातीवर नाण्याएवढा पांढरा डाग होता.

चित्र अजून तिथेच आहे, उद्या जाऊन बघा. त्याला कुणी रंग लावल्याची दप्तरात नोंद नाही. असती तर ती मीच केली असती. थोरल्याच्या छातीवरचा काळा कपडा अगदी अखंड आहे.