गैरहजराचा वाटा

दोना एडितेंना त्यात काय मिळणार होतं, ते आधी पाहू. घालायची होती सहा अंडी, चार मूठ सुकी फळं आणि माझ्या भट्टीपाशी एक दुपार. मिळणार होता मुलगा. सौदा वाईट नव्हता. सुचवला मीच होता.

आमची बेकरी मकाऊत, सेंट लाझारसच्या चर्चमागच्या उतारावर. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला आम्हा चिनी घरांचे मूनकेक आणि डिसेंबरात पोर्तुगीज रक्ताच्या घरांचे नाताळचे केक एकाच भट्टीत भाजले जात. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाचा, सहा जानेवारीचा ‘राजांचा केक’ मात्र दोना एडिते स्वतः मळून आणायच्या. कड्यासारखा गोल, वर पाकात मुरवलेली फळं, आत घेवड्याचा एक सुका दाणा. ज्याच्या तुकड्यात दाणा, त्यानं पुढच्या वर्षीचा केक आणायचा. दाणा दर वर्षी त्यांच्याच तुकड्यात निघे, कारण कापायच्याही त्याच.

त्या वर्षी पीठ घेऊन आल्या आणि बाकावर नुसत्या बसून राहिल्या. त्यांचा मुलगा रेनातो बोटीच्या इंजिनावर कामाला होता. बोट मनिलाला पोहोचली नाही, आणि बुडाली असंही कुणी सांगेना. अडीच वर्षं झाली होती.

“एकटीनं कुणासाठी कापू, लोऊ?”

“आमच्यासारखं करा,” मी म्हणालो. “पौर्णिमेला आम्ही घरात जितकी माणसं तितके तुकडे करतो. परगावच्याचाही करतो आणि झाकून ठेवतो. तो घरातच धरला जातो.”

“मग येतो तो?”

माझी बायको आ-हिंग आतून ओरडली, “माझा दीर नऊ वर्षं आला नाही, दोना! त्याचा तुकडा हेच खातात, दुसऱ्या दिवशी!”

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

त्यांच्या घरी आम्ही पाचजण मोजले. दोना, रेनातो, मी, आ-हिंग आणि आमची मान-यी, वय सतरा, पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला. मी पाच सारखे तुकडे केले. चौघांनी खाल्ले. दाणा कुणालाच लागला नाही.

“झाकलेल्यात गेला,” मान-यी म्हणाली. “पुढचा केक रेनातोदादाकडं!”

सगळे हसलो. मीही.

तिसऱ्या दिवशी दोनांनी मला बोलावून नेलं. झाकलेल्या बशीवरचा रुमाल तसाच होता, त्याखाली तुकडा नव्हता. बशीच्या काठावर दाणा होता, चोखून स्वच्छ केलेला.

“उंदीर,” मी म्हणालो.

“उंदीर दाणा काठावर ठेवतो होय रे? लहानपणापासून हा बिया अशाच ठेवतो.”

पुढच्या सहा जानेवारीला त्या पीठ घेऊन आल्याच नाहीत. दुपारी आम्ही तिघं त्यांच्याकडं गेलो, तर दारातल्या पायरीवर केक होता. गरम.

मकाऊतली कुठलीही भट्टी मी भाजणीवरून ओळखतो. या केकला कसलाच जाळ लागलेला नव्हता. बूड पांढरंफटक, तरी आतून शिजलेला. वरची फळं पाकात नाही, मिठात मुरलेली.

“आणला त्यानं,” दोना म्हणाल्या. तो चेहरा बघून ‘खाऊ नका’ म्हणायची माझी छाती झाली नाही. पाच तुकडे केले. मान-यीच्या दाताखाली कट्कन वाजलं.

मी तिच्या हातातला दाणा हिसकावून गिळला.

“माझ्या तुकड्यातला होता. पुढचा केक मी आणणार.”

“बाबा, माझ्या तोंडातून काढला मी तो.”

दोनांनी उठून तिला जवळ घेतलं, बराच वेळ. मग कानाशी म्हणाल्या, “फळं पाकातली घाल हं. त्याला खारट चालत नाही. आणि त्याला सांग, लोकरीचा सदरा पेटीत जपून ठेवलाय.”

वर्षभर मी मान-यीला पिठाला हात लावू दिला नाही. डिसेंबरात तिच्या नखांत पीठ दिसू लागलं. पाच जानेवारीला मी स्वतः केक भाजला आणि बंदराच्या पायऱ्यांवर ठेवून आलो. सकाळी तो तिथंच होता. पाखरांनीही चोच लावली नव्हती.

सहा तारखेला बेकरी बंद ठेवली. आतून कडी घातली. आ-हिंगनं पोरीचा हात घट्ट धरला.

बाराची घंटा सुरू झाली.

“आई, उशीर होतोय,” मान-यी म्हणाली.

घंटा थांबली. आ-हिंगच्या मुठीत नुसतं पीठ होतं. कडी तशीच होती.

आता हिशोब. दोना एडितेंचा निरोप पोहोचला; त्यांच्या पेटीत सदरा नाही. रीत माझी होती, दाणा मी गिळला, आणि भरलं मान-यीनं.

या वर्षी केक नकोच म्हणालो. आ-हिंग ऐकेना. मी दाणा न घालता भाजला. पाच तुकडे केले, दोन झाकले. तिसऱ्या दिवशी दोन्ही बशा रिकाम्या होत्या. मान-यीच्या बशीच्या काठावर एक दाणा होता.

म्हणजे पुढचा केक ती आणणार. खाणारे आम्ही तिघं. दोनांना आता काहीच चावत नाही, आ-हिंगला मी खाऊ देणार नाही. उरलो मी.

आ-हिंगनं ते विचारलंही नाही. मान-यीची लोकरीची शाल धुऊन, घडी करून तिनं माझ्या उशाशी ठेवली आहे.