नळावरचं न्हाणं

बालीगंजच्या विनायककाकांकडे रात्रीची जेवणं उरकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांची पुतणी कादंबरी आणि तिचा मित्र क्षितिज एका वस्तीत फोटो काढायला जाणार होते. दोघं कॅमेऱ्याची भिंगं पुसत बसली होती. काका मोठा दिवा मालवून आरामखुर्चीत टेकले.

"बेहालाच्या सुश्रुतचं काय झालं, ते ऐकून जा. आपल्या घरी येणारा-जाणारा मुलगा. जे त्याने सांगितलं तेच सांगतो."

गेल्याच्या गेल्या वर्षीची भूत चतुर्दशी. कालीपूजेची आदली रात्र. इथे बंगाल्यांकडे घरोघरी चौदा दिवे लावतात, गेलेली माणसं त्या रात्री घर बघून जातात म्हणून. आपलं अभ्यंगस्नान दुसऱ्या पहाटे. सुश्रुतच्या बायकोने, लीनाने, चकलीचं पीठ भिजवलं आणि नेमका सोऱ्या मोडला. तिने त्याला दुपारी ओळखीतल्या निर्मलाकाकूकडे दुसरा आणायला पिटाळलं.

"सोऱ्या म्हणजे?" क्षितिजने विचारलं. तो जन्मापासून इथलाच.

"चकल्या पाडतात ना, ते. मध्ये बोलू नकोस."

सोऱ्या पिशवीत टाकून सुश्रुत निघाला तेव्हा उन्हं कलली होती. गळ्यात कॅमेरा होताच. दर रविवारी वस्त्या पालथ्या घालायचा, एक बक्षीसही मिळवलं होतं. मनाने वाईट नव्हता हो. पण कॅमेरा डोळ्याला लागला की समोर माणूस आहे, हेच तो विसरायचा.

रुळांच्या कडेला वस्तीचा नळ आहे. तिथे एक म्हातारी अंगावरच्या साडीनिशी अंघोळ करत होती. मावळतीचं ऊन पाण्याच्या धारेत शिरलं होतं. त्याने कॅमेरा उचलला. म्हातारीने ते पाहिलं. पदर ओढायला गेली, तो ओला पदर हातातून निसटला. मग तिने तोंडापुढे हात धरला.

"ना बाबा... छोबि तुलो ना."

फोटो काढू नको, एवढं बंगाली त्याला कळत होतं. तरी त्याने काढले.

रात्री त्यातला एक त्याने फोनवरून सगळ्यांना दाखवला. लोकांनी डोक्यावर घेतला. लीना झारा हातात घेऊनच बघायला आली.

"विचारलं होतंस तिला?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती."

"मग?"

"अगं, चेहरा कुठे दिसतोय? हात आहे ना मध्ये."

"तो हात तिने कशासाठी धरलाय, सुश्रुत?"

त्याने फोन खिशात टाकला. फोटो मात्र तसाच राहिला.

पहाटे लीनाने त्याच्या पाठीला तेल चोळलं, हातात उटण्याची वाटी दिली. तो बाथरूममध्ये गेला. आतून कडी घातली. कपडे उतरवून पाटावर बसला. तोंडाला उटणं फासलं, डोळे मिटले, एक तांब्या अंगावर घेतला.

पाणी ओघळून गेलं. थेंब मात्र पडत राहिले... समोर. हातभर अंतरावर. ओल्या पदरातून निथळावेत तसे.

नळ बंद होता.

"लीना?"

...

उटणं डोळ्यांत गेलं होतं. डोळे उघडवत नव्हते. पण कोणीतरी बघत होतं. घाई नव्हती. राग नव्हता. नुसतं बघणं. त्याच्या सुटलेल्या पोटाकडे. उघड्या मांड्यांकडे. त्याने पाय पोटाशी घेतले. टॉवेल चाचपला. सापडला नाही. मग हात आपोआप वर गेला... तोंडापुढे.

"नको..." तो पुटपुटला. "बघू नका..."

थेंब पडत राहिले.

लीनाने दार वाजवलं, तेव्हा ते थांबले. आत कोणी नव्हतं.

बाहेर येऊन त्याने आधी फोनवरचा फोटो काढून टाकला. कॅमेऱ्यातलेही सगळे पुसले. उजाडताच तो नळावर गेला. त्याला माफी मागायची होती. तिथे एक बाई डोकं धरून बसली होती. म्हातारीची सून. त्याने मोडक्यातोडक्या बंगालीत म्हातारीची चौकशी केली.

"रात्री गेली," ती म्हणाली. "नळावरून आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. एवढंच म्हणाली, एक मुलगा माझं न्हाणं घेऊन गेला." तिने मान वर केली. "तो तूच का?"

"हो."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग एक फोटो दे ना, बाबा. भिंतीवर लावायला. आमच्याकडे तिचा एकही नाही."

काय देणार? पुसून बसला होता. आणि असता, तरी त्यात चेहरा कुठे होता?

"नाही माझ्याकडे," तो म्हणाला. तिला वाटलं, द्यायचा नाही म्हणून सांगतोय. तिने तोंड फिरवलं. तो तसाच, मान खाली घालून घरी आला.

श्राद्धाच्या दिवशी लीनाच त्याला घेऊन गेली. एकट्याने जायचं तोंड त्याला नव्हतं. झोपडीच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता. म्हातारीचा. ओले केस. गालांवर पाणी. तोंडापुढे हात नाही. सरळ समोर बघत... जराशी हसत.

"शेवटी दिलास," सून म्हणाली. "दारात ठेवून गेलास. हाक तरी मारायचीस."

सुश्रुतने काहीच ठेवलं नव्हतं.

लीना फोटोजवळ गेली. वाकून बघत राहिली. मग तिने मागे हात करून सुश्रुतचं मनगट धरलं. गच्च.

म्हातारीच्या मागे नळ नव्हता. रूळ नव्हते.

निळ्या फरशा होत्या. एका फरशीचा कोपरा उडालेला... बेहालाच्या त्यांच्या बाथरूममध्ये, पाटासमोरच्या भिंतीवर आहे तसा.