‘धरली’ कोण म्हणालं?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या थंडीतली अमावास्या. आमच्याच इमारतीची गच्ची.

मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. भूतबित म्हटलं की मला हसू यायचं.

आता येत नाही.

मला आणि माझ्या सात वर्षांच्या चिमीला तारे बघायचं भारी वेड. बायको म्हणायची, "बापलेक दोघंही अधांतरी!" त्या रात्री जेवण उरकून शनी बघायला आम्ही वर गेलो. दोघंच.

काळोखाला डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून टॉर्च लावायचा नाही, हा आमचा कडक नियम. त्यात दुर्बिणीचा स्टँड डुगडुगता. जरा धक्का लागला की शनी गायब. म्हणून अंधारात दुर्बीण देणाऱ्याने म्हणायचं "सोडली" आणि घेणाऱ्याने म्हणायचं "धरली".

शेजारच्या दिव्याचा उजेड अडवायला मी टाकीपाशी चादर बांधत होतो.

"सोडली!" चिमी म्हणाली.

माझ्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता. मी काहीच बोललो नाही.

"धरली…"

आवाज पुरुषाचा होता. अगदी हळू.

भास झाला असेल, म्हटलं. पण मग फोकसचं चाक फिरलं.

कर्र… कर्र…

मग तेही थांबलं.

"चिमी?"



जरा वेळाने तिचा आवाज आला… पण गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडून. तिकडचा कठडा दुरुस्तीसाठी पाडला होता.

"बाबा, अजून किती पुढे जायचं?"



"चिमे, आहेस तिथेच थांब! मी टाकीपाशी आहे!"

"काहीतरीच काय! तू तर माझा हात धरलायस…"

नियम गेला खड्ड्यात. मी टॉर्च लावला.

ती अगदी कडेला उभी होती. एकटी. उजवा हात पुढे ताणलेला.

"हात सोड! इकडे ये!"

ती रडायला लागली.

"मी कधीच सोडलाय, बाबा. तो ‘सोडला’ म्हणतच नाहीये…"

मी धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली आणि ओढलं. एवढीशी पोर, पण जागची हलेना. पुन्हा ओढलं. मग ती एकदम सुटली आणि आम्ही दोघं मागे आपटलो.

आज चिमी हसते, खेळते, शाळेत जाते. पण झोपली की तिचा उजवा हात पांघरुणाबाहेर येतो आणि ताठ होतो. मी उठून तो आत घेतो.

परवा आत घेताना मला जोर लावावा लागला…

बायकोला हे अजून सांगितलेलं नाही. मला फार भीती वाटते.